मांडीचे हाड : एक वाचन

२०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत, आम्ही आमच्या विद्यार्थ्यांसाठी घरी बसून एक व्याख्यान दिले होते. विषय होता ‘साहित्य आणि करुणा’. अशा विषयाला आरंभी एखादी गोष्ट लागते, आणि त्या दिवसांत एक गोष्ट भ्रमणध्वनीवरून घरोघर हिंडतच होती. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांना कोणा विद्यार्थ्याने विचारले की, मानवी संस्कृतीची पहिली खूण कोणती? त्याला अपेक्षा होती मडक्याची, गळाची, दगडी हत्याराची. मीडबाईंनी उत्तर दिले : मोडून पुन्हा जुळलेले मांडीचे हाड. रानात ज्याची मांडी मोडते तो प्राणी पाण्यापर्यंत जाऊ शकत नाही, शिकार करू शकत नाही, दुसऱ्याची शिकार होतो. हाड जुळेपर्यंत जो जगला, त्याच्याजवळ कोणीतरी थांबले होते. ते थांबणे म्हणजे संस्कृती.

ही गोष्ट आम्ही सांगितली, किंचित आवाज कापवून सांगितली. एका विद्यार्थिनीने नंतर लिहिले की, ऐकताना तिला रडू आले. खरे सांगायचे तर आम्हांला बरे वाटले. त्या बरे वाटण्याचा हिशेब आज द्यावयाचा आहे.

२०२२च्या श्रावणात एका पहाटे आमची आई न्हाणीघरात घसरून पडली. वय ८१. रुग्णालयात डॉक्टरांनी क्ष-किरणाचे चित्र उजेडासमोर धरले आणि म्हणाले, “मान मोडली आहे.” आम्ही दचकून आईच्या मानेकडे पाहिले. डॉक्टर समजुतीने हसले. मान म्हणजे मांडीच्या हाडाची मान. आपण ज्याला खुबा म्हणतो तेथली. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला त्या दिवशी प्रथमच कळले की, या हाडाला डोके असते, मान असते, दांडा असतो. शास्त्रीय ग्रंथांत त्याला ऊर्वस्थी म्हणतात. शरीरातले हे सर्वांत लांब हाड. माणसाच्या उंचीचा साधारण चौथा हिस्सा. वरचे डोके चेंडूसारखे गोल, कमरेच्या हाडातील वाटीत बसलेले. त्याखालची मान दांड्याला सरळ जोडलेली नसते, सुमारे १२५ अंशांचा कोन करून तिरकी उतरते. उभ्या शरीराचा भार या वळणावरून खाली जातो, आणि म्हातारपणी हाड मोडते ते बहुधा याच वळणावर.

“जुळेल ना?” आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, या वयात जुळण्याची वाट पाहत नाहीत. डोक्याला रक्त पोहोचते ते मुख्यतः मानेवरून जाणाऱ्या वाहिन्यांतून; मान मोडली की तो पुरवठा तुटतो. म्हणून डोकेच काढून तेथे धातूचा गोळा बसवतात. म्हणजे आमच्या आईचे हाड जुळणारच नव्हते. आमची गोष्ट आमच्याच घरात पहिल्या दिवशी निकामी झाली.

शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री आम्ही रुग्णालयातल्या बाकावर बसून या एका हाडाविषयी मिळेल ते वाचून काढले. दुःखात माणूस पोथी वाचतो. आम्ही शरीररचनाशास्त्र वाचले. त्यातले काही आजही सोबतीला आहे.

झुरिकचे शरीररचनातज्ज्ञ हेरमान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचे डोके उभे चिरून पाहिले, तेव्हा आतल्या जाळीदार हाडाच्या काड्या त्यांना विशिष्ट कमानींत रचलेल्या दिसल्या. १८६६च्या सुमारास कार्ल कुलमान या अभियंत्याने ते चित्र पाहिले आणि भार उचलणाऱ्या वाकड्या यारीत ताण-दाबाच्या रेषा ज्या वाटांनी जातात, त्याच वाटा त्याला हाडात दिसल्या. पुढे १८९२ मध्ये युलिउस वोल्फ यांनी त्याचा नियमच मांडला : हाडावर जसा भार पडतो तसे हाड घडते. गणिताच्या बारकाव्यांवर नंतर पुष्कळ वाद झाले, पण मूळ गोष्ट टिकली. हाड ही आयती मिळालेली वस्तू नव्हे. वाहिलेल्या वजनाने ते जन्मभर लिहिले जात असते.

याचे सर्वांत हृद्य उदाहरण लहान मुलात सापडते. माणसाच्या मांडीचे हाड खुब्यापासून गुडघ्याकडे आत तिरके येते, त्यामुळे खुबे दूर असूनही गुडघे शरीराच्या खाली जवळजवळ राहतात आणि एका पायावर तोल सांभाळून पाऊल टाकता येते. चिंपांझीचे हाड जवळपास सरळ उतरते. म्हणून तो दोन पायांवर चालला की झुलतो. हा तिरकेपणा इतका बोलका आहे की १९७३ मध्ये इथिओपियातल्या हदार येथे डोनाल्ड जोहान्सन यांना जो गुडघ्याचा सांधा मिळाला, तो तीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी उभे चालणाऱ्याचा आहे हे त्या कोनावरून ओळखता आले. पण हा कोन घेऊन कोणीही जन्माला येत नाही. अर्भकाचे हाड सरळ असते. मूल उभे राहते, पडते, पुन्हा उठते, चालू लागते, तसतसे हाड तिरके होत जाते. आणि जे मूल कधीच चालू शकत नाही त्याच्या हाडात तो तिरकेपणा येत नाही. आपल्या प्रत्येकाच्या मांडीत आपली पहिली पावले अशी नोंदलेली आहेत. ती पावले टाकताना बोट कोणाचे धरले होते, हे मात्र तेथे नोंदलेले नाही.

प्राण्यांकडे वळलो तेव्हा आमचे अज्ञान अधिकच उघडे पडले. बैलाच्या मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा आम्ही लहानपणापासून गुडघा समजत आलो. ती त्याची टाच आहे. खरा गुडघा वर पोटालगत असतो आणि मांडीचे आखूड, जाड हाड कुशीच्या मांसात दडलेले असते. हत्तीचे हेच हाड देवळाच्या खांबासारखे उभे, कारण त्याला डोंगराएवढा देह तोलायचा असतो. कोंबडीचे पिसांत लपलेले, आखूड आणि जवळपास आडवे. पक्षी म्हणजे जन्मभर उकिडवा बसलेला प्राणीच. पानात वाढली जाणारी तंगडी ही तिची मांडी नव्हे, नडगी आहे. अजगराला पाय नाहीत, पण शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखे काटे असतात आणि त्यांच्या आत मांडीच्या हाडाचा इवलासा अवशेष. ध्रुवीय समुद्रातल्या बोहेड देवमाशाच्या मांसातही असा अवशेष तरंगत असतो. काहीच न वाहणारे हाड नाहीसे व्हायलाही लाखो वर्षे घेते.

या सर्वांत कोंबडीची हकीकत आम्ही त्या रात्री दोनदा वाचली. अंडी घालायच्या दिवसांत मादी पक्ष्याच्या मांडीच्या पोकळीत एक तात्पुरते हाड तयार होते. अंड्याच्या कवचाला लागणारा चुना तेथे साठवला जातो आणि तेथूनच काढून घेतला जातो. २००५ मध्ये मेरी श्वाइट्झर यांनी मॉन्टानात मिळालेल्या टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात असाच थर ओळखला, आणि सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा तो भयंकर प्राणी अंड्यांवर आलेली मादी ठरला. शेजारच्या खाटेवर आई कण्हत होती. तिच्या हाडांतला चुना कोठे गेला, असे आम्ही सकाळी विचारले तेव्हा डॉक्टरांनी एका शब्दात उत्तर दिले : वय.

साहित्याच्या अभ्यासकाला या हाडाची आणखी एक बाजू जवळची वाटावी. त्याच्या चुकीच्या वाचनांचा इतिहास मोठा आहे. १६७७ मध्ये रॉबर्ट प्लॉट यांनी ऑक्सफर्डशायरच्या आपल्या ग्रंथात खाणीत मिळालेल्या एका प्रचंड हाडाचे चित्र छापले. ते मांडीच्या हाडाचे खालचे टोक आहे हे त्यांनी बरोबर ओळखले. रोमनांनी आणलेल्या हत्तीचे असेल का, हेही तपासले. आणि शेवटी ते राक्षसी देहाच्या माणसाचे ठरवले. १७६३ मध्ये रिचर्ड ब्रुक्स यांच्या ग्रंथात त्याच चित्राखाली, केवळ बाह्य आकारावरून, पुरुषाच्या वृषणकोशाचे लॅटिन नाव छापले गेले. आज ते हाड हरवले आहे. उरले आहे फक्त चित्र, आणि त्यावरून ते मेगॅलोसॉरससारख्या डायनोसॉरचे असावे असे मानतात. संहिता हरवावी आणि टीकाच उरावी, असा हा प्रकार.

दुसरे उदाहरण जावा बेटावरचे. ओजेन द्युब्वा यांना त्रिनिल येथे १८९१ मध्ये एक कवटी मिळाली आणि पुढच्या वर्षी, तेथून काही अंतरावर, एक मांडीचे हाड. कवटी वानरासारखी ठेंगणी, हाड मात्र तुमच्याआमच्यासारखे सरळ. दोन्ही एकाचीच असे मानून त्यांनी १८९४ मध्ये त्या प्राण्याला ‘ताठ उभा राहणारा कपिमानव’ अशा अर्थाचे नाव दिले. होमो इरेक्टस या आजच्या नावातला ‘ताठ’ हा शब्द त्या एका मांडीने मिळवून दिलेला आहे, आणि ते हाड त्या कवटीच्या जातीचे होते की पुष्कळ नंतरच्या माणसाचे, यावर वाद होत आला आहे. नाव खरे ठरले. पुरावा मात्र संशयित राहिला. त्या हाडावर आजाराने वाढलेला एक ओबडधोबड उंचवटा आहे. ज्या कोणाचे ते होते, तो दुखणे घेऊन जगला एवढे निश्चित.

या वाटेने आम्ही मीडबाईंच्या गोष्टीपाशी परत आलो, आणि व्याख्यानापूर्वी जे करायला हवे होते ते दोन वर्षे उशिरा केले. मीडबाई १९७८ मध्ये वारल्या. ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या छापील लेखनात दाखवता येत नाही. ती येते १९८०च्या एका पुस्तकात, वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करण्यात हयात घालवलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या आठवणीतून. त्या पुस्तकाचे सहलेखक फिलिप यान्सी. म्हणजे प्रसंग घडलाच नसेल असे नाही, पण आम्ही ज्या थाटात तो सांगितला त्या थाटाला आधार नाही. शिवाय ‘मांडी मोडली की प्राणी मरतोच’ हेही विधान फार ठोक आहे. अडोल्फ शुल्ट्झ यांनी रानातल्या गिबन वानरांचे सांगाडे तपासले तेव्हा प्रौढांपैकी सुमारे एक तृतीयांशांत कोठले ना कोठले हाड मोडून जुळलेले आढळले. त्यांत मांडीची हाडेही होती. त्यांना कोणी पाणी आणून दिले नव्हते. जुळलेले हाड एवढेच सांगते की, हाडाचा धनी जगला. त्याच्याजवळ कोणी थांबले होते हे वाक्य हाडाचे नव्हे, वाचणाऱ्याचे.

चूक कबूल केल्यावर माणसाला पुन्हा एकदा बरे वाटते. आम्हांलाही वाटले. पण हिशेब तेथे मिटला नाही.

आईला घरी आणले तेव्हा डॉक्टरांनी बजावले की, यापुढे मांडी घालून बसायचे नाही, उकिडवे बसायचे नाही. जन्मभर जमिनीवर बसून भाजी निवडलेली, मांडीवर पोथी घेऊन वाचलेली, मुलेनातवंडे मांडीवर थोपटलेली बाई. आपल्या भाषेत मांडी हा अवयव आहे आणि आसनही आहे. आपण मांडी घालतो. बरोबरीच्या माणसाशी मांडीला मांडी लावून बसतो. संस्कृतातील जंघा ही गुडघ्याखालची, मराठीत येता येता तिची जांघ होऊन वर चढली. ऊरु मात्र पंडितांकडेच राहिला. भासाच्या नावावर असलेले ‘ऊरुभंग’ आम्ही अनेक वर्षे शिकवत आलो. ज्या मांडीने द्रौपदीचा अपमान केला ती भीमाच्या गदेने मोडली, हे महाभारत. त्या नाटकात दुर्योधनाचा लहानगा मुलगा दुर्जय रणात येतो आणि नेहमीप्रमाणे बापाच्या मांडीवर बसू पाहतो. बापाला त्याला अडवावे लागते. वर्गात आम्ही या प्रसंगी रसचर्चा करत असू. आता सव्वा वर्षाचा पणतू खुर्चीजवळ येऊन हात वर करी आणि आई पदराआड हात लपवी. त्यानंतर तो प्रसंग आम्हांला वर्गात पूर्वीसारखा शिकवता आला नाही.

आईला दिवसभर पाहायला एक बाई येऊ लागल्या. आपण अशा बायांना मावशी म्हणतो. म्हणजे नाते लगेच देतो आणि नाव विचारायचे राहून जाते. वॉकर धरून चार पावले चालवणे, कूस बदलणे, अंग पुसणे, रात्री भिजलेली चादर बदलणे, हे सारे त्यांनी केले. आम्ही महाविद्यालयात जात होतो, संध्याकाळी औषधांच्या वेळा विचारत होतो, महिन्याच्या एक तारखेला पैसे देत होतो. ‘कोणीतरी थांबले होते’ या वाक्यातले कोणीतरी आमच्या घरी रोज आठ वाजता चप्पल दाराशी काढत होते.

त्या जेवायला जमिनीवर बसत तेव्हा उजवा पाय लांब सोडून बसत. दोन-तीन महिन्यांनी आम्ही एकदा विचारले, “मावशी, पाय दुखतो का?”

त्या म्हणाल्या, “मांडी मोडली हुती सर, लहानपणी. नऊ-धा वर्साची असंन. उसाच्या गाडीवरून पडले. तिथल्या एका बाबानं कामट्या लावून बांधली. जुळली, पर आखूड जुळली.”

बीड जिल्ह्यातले कुटुंब. दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्याच्या पट्ट्यात उतरणारे. ऊसतोडीच्या तळावर पाचटाची कोपी, आणि तिच्यात हे मूल दीड महिना उताणे.

“मग तुमच्याजवळ कोण होते?” आम्ही विचारले. हे विचारताना आमच्या डोक्यात ती जुनी गोष्ट होती, हे लपवत नाही.

“कोन असंन? आई पहाटंच्या अंधारात फडात जायची. उशाला कळशी भरून ठेवायची, भाकर ठेवायची. खाडा पडला की मुकादम पैसं कापायचा. मंग उचल कवा फिटायची?”

“भीती नाही वाटायची?”

“कुत्र्याची वाटायची. भाकर न्यायचं ते.”

एवढे सांगून त्यांनी ताट उचलले आणि आईला औषध द्यायला गेल्या.

उद्या कोणी त्यांचे हाड पाहिले तर काय वाचील? जुळलेली मांडी, थोडी आखूड. आमच्या व्याख्यानाच्या रीतीने तो म्हणेल, येथे कोणीतरी थांबले होते, येथे संस्कृती होती. खोटे तर तो म्हणणार नाही, कारण कळशी भरून ठेवणारे कोणी होते. पण ती आई थांबली नव्हती. तिला थांबू दिले नव्हते. तिच्या प्रत्येक दिवसाच्या थांबण्याची किंमत आधीच ठरलेली होती आणि ती कापून घ्यायला माणूस नेमलेला होता. हाडाला भार कळतो. तो कोणी लादला हे कळत नाही. आणि आमच्या आईचे हाड पाहणाऱ्याला धातूचा गोळा दिसेल. त्यावरून त्याला शस्त्रक्रियेचा खर्च उचलू शकणारे घर कळेल. आठ महिने तिची कूस बदलणाऱ्या बाईचा मागमूस त्या धातूवर नसेल.

आम्ही साहित्य शिकवतो. अवशेषावरून माणूस उभा करणे हाच आमचा उद्योग. तो सोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून कोणतीही सुंदर व्याख्या सांगताना, तिच्यात ज्याला जागा मिळाली नाही तो कोठे बसला आहे हे आम्ही शोधतो. बहुधा तो जवळच असतो. आपल्याच घरात, जमिनीवर, एक पाय लांब सोडून.

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात दुसरी खुर्ची ठेवली. आईने मावशींना “वर बस ग” म्हटले. दोन दिवस त्या बसल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी बसल्या. दोघींनाही मांडी घालता येत नव्हती, म्हणून मांडीला मांडी लावून बसण्याचा तेवढाच मार्ग होता. यातून काही फिटले असा आमचा समज नाही. कामाची वेळ तीच राहिली, आणि पगार आम्ही वाढवला तो नंतर, आईने दोनदा सांगितल्यावर.

आई आता काठी घेऊन घरात हिंडते. मावशी दुसऱ्या घरी लागल्या आहेत. तेथेही खुब्याचेच दुखणे आहे. गेल्या वर्षी ‘ऊरुभंग’ शिकवताना एका मुलाने ती मीडबाईंची गोष्ट सांगितली. त्याला ती बहुधा आमच्याच जुन्या व्याख्यानातून मिळाली असावी. आम्ही त्याला थांबवले नाही. ती पूर्ण होऊ दिली, तिचा पुरावा किती आहे ते सांगितले, आणि मग कळशीची गोष्ट सांगितली. वर्ग गप्प होता. एका मुलीने विचारले, “सर, त्या बाईंचे नाव काय?”

आमच्या भ्रमणध्वनीत त्यांचा क्रमांक आठ महिने ‘मावशी, आईसाठी’ असा होता. आता तेथे त्यांचे नाव आहे. मुलीला ते सांगितले. येथे लिहीत नाही. लिहू का, असे त्यांना अजून विचारलेले नाही.